सतराचे अठरा

रात्री अकराच्या सुमारास गूगल स्कॉलरचा, म्हणजे शोधनिबंधांचा हिशोब ठेवणाऱ्या गूगलच्या सेवेचा, मेल आला. तुमच्या लेखाला एक नवं सायटेशन मिळालंय, म्हणजे आणखी कुणीतरी आपल्या लेखात त्याचा संदर्भ दिलाय, एवढाच निरोप. असे मेल मी एरवी सकाळवर टाकते, पण त्या आठवड्यात माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पदोन्नतीचा अर्ज भरायचा होता. त्या अर्जाच्या चौथ्या पानावर एक इवलीशी चौकट आहे, जेमतेम दोन आकडे मावतील एवढी, आणि तिच्या डोक्यावर लिहिलंय 'एच-इंडेक्स'. माझा सतरा होता. सात महिने सतराच होता. म्हणजे माझे सतरा पेपर असे, की प्रत्येकाचा किमान सतरा ठिकाणी संदर्भ आलाय. अठरा व्हायचे तर अठरा पेपरांना प्रत्येकी अठरा सायटेशन हवीत. वरचे सतरा पेपर ती पायरी कधीच चढून बसले होते. अठरावा मात्र सतरावर अडून राहिला होता. मराठीत तसाही सतरा हा कटकटीचाच आकडा. सतरा भानगडी, सतरा वेळा सांगून झालं, आणि मोजायचाच कंटाळा आला की सतराशे साठ. रोज झोपण्याआधी मी त्या अठराव्या पेपरकडे एकदा बघून घ्यायची. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, पण आता सांगायला बसलेच आहे.

तर तो मेल नेमका त्याच पेपरचा होता. सतराचे अठरा झाले होते.

आनंद झाला, खोटं कशाला बोलू. अंधारात एकटीच हसले. मग कुतूहल म्हणून तो नवा लेख उघडला. प्रीप्रिंट होता, म्हणजे अजून कुठल्या नियतकालिकात छापून आलेला नाही, लेखकाने स्वतःच जगासमोर ठेवलेला. आधी शेवटच्या यादीत आपलं नाव शोधलं. सगळे असंच करतात; जो नाही म्हणेल त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही. क्रमांक चौतीस. मग मजकुरात चौतीस कुठे आहे ते शोधलं. प्रस्तावनेच्या दुसऱ्याच परिच्छेदात एक वाक्य होतं. दीर्घकाळच्या ताणाने हिप्पोकॅम्पसमधले, म्हणजे मेंदूच्या स्मृतीशी संबंधित भागातले, सिनॅप्स (चेतापेशींमधले सांधे) बळकट होण्याची प्रक्रिया बिघडते, अशा अर्थाचं, आणि त्याच्या शेपटाला सहा आकड्यांची माळ, त्यात मी. वाक्य परत वाचलं. आमच्या पेपरात याच्या बरोबर उलट लिहिलंय. आम्ही ज्या प्रकारचा ताण दिला आणि हिप्पोकॅम्पसच्या ज्या भागात मोजलं, तिथे ती प्रक्रिया बिघडत नाही. अख्ख्या पेपरात सांगण्यासारखी गोष्ट एकच होती आणि ती म्हणजे तो 'नाही'. तोच गळला होता.

मी अर्जाची फाइल उघडली, १७ खोडून १८ केलं, आणि लॅपटॉप मिटला.

त्या 'नाही'साठी आम्ही जे केलं ते आठवत पडून राहिले. दीड वर्ष. सकाळी उंदराच्या मेंदूचे चारशे मायक्रॉन जाडीचे काप करायचे. पातं थरथरत पुढे सरकताना जो बारीक गुंजारव होतो तो अजून माझ्या कानात आहे. ते काप मग कृत्रिम मेंदूजलात ठेवायचे. त्यात पंचाण्णव टक्के ऑक्सिजन आणि पाच टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सतत सोडलेले. बुडबुडे थांबले की दिवस बुडाला. काप सहा-सात तास जगतो, तेवढ्यात काम उरकायचं. एका बाजूला विजेचा हलका टोला द्यायचा, दुसऱ्या बाजूला पेशींच्या घोळक्याचं उत्तर टिपायचं, दर तीस सेकंदांनी एक ठिपका. वीस मिनिटं शांत रेघ मिळाली की एक सेकंदभर टोल्यांचा भडिमार, आणि मग तासभर नुसतं बघत बसायचं. उत्तर मोठं झालं आणि मोठंच राहिलं, तर सिनॅप्सने काहीतरी लक्षात ठेवलं म्हणायचं. एलटीपी (लाँग-टर्म पोटेन्शिएशन) म्हणतात ते हेच. पडद्यावर हिरवे ठिपके एकामागून एक उमटत जातात, पावसाची रिपरिप बघावी तसं. कुठला उंदीर ताणातला आणि कुठला आरामातला हे मला माहीत नसायचं. पिंजऱ्यांवरचे सांकेतिक आकडे दुसऱ्या कुणाकडे होते. दीड वर्षानंतर ते आकडे फोडले आणि दोन्ही गटांचे ठिपके एकाच आलेखावर मांडले, तर ते एकमेकांच्या अंगावर बसले. वेगळे करून दाखवायला रंग द्यावे लागले.

सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, बराच वेळ तो आलेख बघत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. नाही तर नाही. पण 'नाही' हे फार नीट सांगावं लागतं." मग आणखी पाच महिने मोजमापं वाढवली. पहिल्या मसुद्याच्या शीर्षकात तो 'नाही' ठळक होता. दोन नियतकालिकांनी समीक्षकांकडेही न पाठवता लेख परत केला. तिसऱ्या ठिकाणी समीक्षकाने लिहिलं की निष्कर्ष पटण्याजोगा आहे, पण शीर्षक फार ठाम वाटतं, सौम्य करावं. सर थकले होते, मी त्यांच्याहून थकले होते, प्रबंधाची तारीख डोक्यावर होती. "काढ," ते म्हणाले. "आत आहेच ना." मग आम्ही शीर्षक केलं अमुक प्रकारच्या ताणाचा तमुक प्रक्रियेवरील परिणाम. बिनचेहऱ्याचं. वाचणाऱ्याला वाटावं परिणाम झालाच असणार, त्याशिवाय कोण पेपर लिहितं?

म्हणजे 'नाही' पहिल्यांदा गळला तो आमच्याच हातून. हे त्या रात्री लक्षात आलं आणि झोप गेली.

सरांच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. त्याच्या तळाशी पुठ्ठ्याचा खोका, खोक्यात पोस्टकार्डं. पीडीएफच्या आधीच्या काळात पेपर हवा असेल तर लेखकाला कार्ड टाकायचं आणि लेखक आपल्याकडची छापील प्रत टपालाने पाठवायचा. कार्डावर मजकूर आधीच छापलेला असे, 'आपल्या पुढील लेखाची प्रत मिळाल्यास आभारी होईन', आणि मध्ये कोऱ्या रेषा. लेखाचं नाव कुणी टंकलेलं, कुणी घाईत खरडलेलं. सरांच्या एका जुन्या पेपरला अशी दीडेकशे कार्डं आली होती. ती त्यांनी देशांप्रमाणे रबर लावून ठेवली होती. रबर कधीच सुकून कार्डांना चिकटलेले. तिकिटं कुणीतरी संग्रहासाठी कापून नेलेली, त्यामुळे प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात चौकोनी खिडकी. मी विचारलं होतं, या पेपरला सायटेशन किती? त्यांना आठवेना. ग्रंथालयात सायन्स सायटेशन इंडेक्सचे जाड खंड असत, त्यातलं अक्षर मुंगीएवढं आणि कागद पुढचं पान दिसेल इतका पातळ. त्यात त्यांनी एकदाच शोधलं होतं म्हणे. कार्डांबद्दल मात्र भरभरून बोलत. हा माणूस पुढे मासळीच्या मज्जारज्जूकडे वळला, हिने प्रत मिळाल्यावर चार पानी भांडण लिहून पाठवलं. आकडा त्यांना माहीत नव्हता, पण आपल्याला कोण वाचतं ते माहीत होतं. माझं बरोबर उलटं आहे. माझा आकडा मला रोज माहीत असतो.

वाचक मिळवण्यासाठी धडपडण्यात नवं काही नाही म्हणा. आमच्या शास्त्राचा आद्य पुरुष सांतियागो रामोन इ काहाल याने १८८८ साली बार्सिलोनात असताना स्वतःचंच नियतकालिक काढलं, स्वतःच्या खिशातून. साठ प्रती छापायचा आणि त्यातल्या बहुतेक परदेशातल्या शरीररचनाशास्त्रज्ञांना पाठवून द्यायचा. प्रतिसाद जवळपास शून्य. स्पॅनिश वाचणार कोण? शेवटी १८८९ मध्ये काचपट्ट्या बरोबर घेऊन हा गृहस्थ बर्लिनला जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञांच्या मेळाव्यात पोचला, मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये एकेकाला म्हणू लागला, या, जरा डोळा लावून बघा. वृद्ध शरीररचनाशास्त्रज्ञ क्योलिकरने डोळा लावला. लावला आणि बाजूच बदलली. पुढे काहाल वाचता यावा म्हणून म्हाताऱ्याने स्पॅनिश शिकायला घेतलं. चेतापेशी सुट्या सुट्या असतात, सलग जाळं नसतं, हे काहालने दाखवलं ते ज्या काळ्या रंगप्रक्रियेच्या जोरावर, ती शोधली होती कामिल्लो गोल्जीने, आणि गोल्जी जन्मभर जाळ्याचाच कैवारी. १९०६ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं आणि गोल्जीने आपल्या भाषणात काहालचा सिद्धांत खोडून काढायचा प्रयत्न केला. मला हे सायटेशनचं सर्वांत तिखट उदाहरण वाटतं. तुझीच पद्धत वापरून तुलाच खोटं पाडणं. गूगल स्कॉलरने तेव्हा गोल्जीच्या खात्यात मुकाट एक वाढवला असता.

सायटेशन मोजायची कल्पना मुळात निघाली तीही याच गोष्टीसाठी, हे मला फार उशिरा कळलं. माहितीशास्त्रज्ञ युजीन गारफील्डने १९५५ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात जो लेख लिहिला त्यात त्याची चिंता अशी होती, की जुना, अपुरा, प्रसंगी खोटा मजकूर लोक डोळे मिटून उद्धृत करत राहतात. त्याला सुचलेला उपाय वकिलांच्या पुस्तकांतून आलेला. अमेरिकेत १८७३ पासून अशा सूच्या निघत होत्या, की अमुक जुन्या निकालाचा उल्लेख पुढे कुठे कुठे झाला, कुणी तो उचलून धरला आणि कुणी फिरवला हे वकिलाला एका जागी दिसावं. तसंच विज्ञानात करू, म्हणजे एखाद्या लेखावर पुढे टीका झाली असेल तर ती वापरणाऱ्याला आधीच कळेल. १९६० च्या दशकात तो सायन्स सायटेशन इंडेक्स सुरू झाला. वकिलांच्या सूचीत निकाल उचलून धरला की फिरवला याची खूण असायची. विज्ञानाच्या सूचीत ती खूण गळली आणि नुसती मोजदाद उरली. चुकीचे उल्लेख पकडण्यासाठी पेरलेल्या झाडाला माझा अठरावा लागला तो असा.

एच-इंडेक्सचं वय तर अजून फार नाही. जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये तो मांडला. तो लेख मी त्या आठवड्यात पहिल्यांदा नीट वाचला (तोवर त्याचा उल्लेख तीनदा केला होता, पण त्याकडे येतेच), आणि त्यात मला माझा आकडा भेटला. भौतिकशास्त्रात मोठ्या विद्यापीठांत कायम नेमणुकीसाठी साधारण बारा आणि पूर्ण प्राध्यापकपदासाठी साधारण अठरा असावा, असं हिर्शने सुचवलंय. अठरा! आमच्या विषयात आकडे वेगळे चालतात, हे तोही सांगतो, पण आकड्याला पाय फुटले की अटी कोण वाचतो. पुढे २०२० मध्ये खुद्द हिर्शनेच लिहिलं, की या मापाचे अनपेक्षित आणि गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात. अतिवाहकतेबद्दलची त्याची स्वतःची मतं प्रवाहाविरुद्धची, त्यामुळे ती छापून आणताना त्याचीच दमछाक झालेली. ज्याने फूटपट्टी बनवली त्यालाच तिचा फटका बसला, यात मला थोडं समाधान वाटलं हे कबूल करते. पण त्याच संध्याकाळी मी तीन वेगवेगळ्या ठिकाणी माझा एच-इंडेक्स पडताळला. वेब ऑफ सायन्समध्ये तेरा, स्कोपसमध्ये चौदा, गूगल स्कॉलरमध्ये अठरा, कारण ते प्रीप्रिंट, प्रबंध, सगळंच मोजतं. अर्जात कुठला लिहिला हे सांगायला नको.

खूप उद्धृत होणं म्हणजे खूप आवडणं किंवा खूप पटणं, असं बाहेरच्यांना वाटतं. २०१४ मध्ये 'नेचर'ने तेव्हापर्यंतच्या सर्वाधिक उद्धृत शंभर पेपरांची यादी केली होती. वर कोण असेल? डीएनएची रचना, सापेक्षता? पहिला होता ऑलिव्हर लाउरीचा १९५१ चा पेपर, द्रावणात प्रथिन किती आहे ते कसं मोजावं याचा. तीन लाखांहून जास्त सायटेशन. मी स्वतः त्या पद्धतीने मोजलंय. नळ्यांच्या रांगेत फिकटापासून गडदपर्यंत निळाई चढत जाते, आणि ती बघायला छान वाटते, इतकंच. लाउरी स्वतःच म्हणायचा की काही थोर पेपर नव्हे तो, पण लोक वापरतात याची मनातून गंमत वाटते. आमच्या न्यूरोसायन्समध्ये असा एक मानकरी आहे, ओल्डफील्डची १९७१ ची प्रश्नावली. मेंदूचं स्कॅन करायला आलेल्या माणसाला आधी विचारायचं, तू डावखुरा की उजवा? लिहितोस कुठल्या हाताने, चेंडू कुठल्या हाताने फेकतोस, कात्री, दातांचा ब्रश, काडी पेटवताना काडी कुठल्या हातात, आणि माझा सर्वांत लाडका प्रश्न, झाडू धरताना वरचा हात कुठला. मी हा प्रश्न शेकडो लोकांना विचारलाय. प्रत्येक जण थबकतो, हवेतला झाडू दोन्ही हातांनी धरतो, एकदा झाडून बघतो आणि मग उत्तर देतो. दर वेळी हा कागद भरला की एक पेपर, एक सायटेशन. ओल्डफील्डच्या त्या दहा प्रश्नांवर कुणी रात्र जागून वाद घातला असेल असं मला वाटत नाही.

त्याच यादीबरोबर 'नेचर'ने एक हिशोबही मांडला होता. तेव्हा वेब ऑफ सायन्समध्ये पाच कोटी ऐंशी लाखांच्या आसपास नोंदी होत्या. प्रत्येकीचं फक्त पहिलं पान छापून चळत रचली तर ती किलिमांजारोच्या शिखराएवढी होईल. त्यात हजाराहून जास्त सायटेशन मिळालेले पेपर म्हणजे अगदी वरचा दीड मीटर. आणि खालचा जवळजवळ निम्मा डोंगर एकदाच उद्धृत झालेल्या किंवा एकदाही न झालेल्या लेखांचा. माझा सर्वांत आवडता पेपर तिथे खाली कुठेतरी पायथ्याला आहे. त्याला चार सायटेशन आहेत, पैकी दोन माझीच.

त्या उंचीवर काय वाटेल ते चढतं. अल्झायमरवरचा २००६ सालचा एक गाजलेला पेपर, त्यातल्या चित्रांत फेरफार झाल्याचं निष्पन्न होऊन २०२४ मध्ये मागे घेतला गेला. तोवर दोन हजारांहून जास्त जणांनी त्याचा आधार घेतला होता. उलट दिशेचंही आहे. मी ज्या प्रक्रियेवर आयुष्य काढलं ती एलटीपी टिम ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी ऑस्लोमध्ये सशांच्या मेंदूत नोंदली १९६८-६९ च्या सुमारास. पेपर आला १९७३ मध्ये, आणि लोमो तर तोवर स्नायूंच्या चेतांकडे वळलाही होता. आज त्या पेपरशिवाय स्मृतीवरचं पाठ्यपुस्तक निघत नाही. पण १९७३ सालच्या कुठल्याशा चौकटीत त्यांना आकडा भरायला सांगितला असता तर काय भरलं असतं? १९७१ मध्ये जॉन ओ'कीफ आणि दोस्त्रोव्स्की यांनी उंदराला आपण कुठे आहोत हे सांगणाऱ्या पेशींबद्दल लिहिलं ते अवघी पाच पानं. ओ'कीफला त्याचं नोबेल मिळालं २०१४ मध्ये. ही उदाहरणं मी विद्यार्थ्यांना धीर द्यायला सांगते. त्यांना धीर येत नाही, कारण त्यांची शिष्यवृत्ती तीन वर्षांत संपते.

तर, माझी चोरी. चौतीस क्रमांकाच्या रागात मी ठरवलं, त्या लेखकाला खरमरीत मेल लिहायचा. न वाचता उद्धृत करता, लाज वाटत नाही वगैरे. लिहायच्या आधी, तोंडदेखलं का होईना, स्वतःचं घर तपासावं म्हणून माझाच तोच पेपर काढला, तो 'नाही'वाला. शेवटी एकेचाळीस संदर्भ. एकेकावर बोट ठेवत गेले. हा वाचलाय. हा वाचलाय. हा गोषवारा वाचलाय. हा सरांनी घातला. आणि मग १९७० च्या दशकातला एक पेपर, ज्याच्या आधारावर आम्ही प्रस्तावनेत लिहिलं होतं की उंदरांमध्ये असं असं दिसून आलंय. तो कधी वाचला ते आठवेना. कारण वाचलाच नव्हता. एका आढावा-लेखातून उचलला होता. रात्री एकला तो शोधून काढला. वाकडी स्कॅन केलेली पानं, कडेला कुणाच्यातरी अंगठ्याची सावली. पद्धतीचं पान उघडलं आणि पहिल्याच ओळीत दिसलं, प्रयोग मांजरांवर केलेत. भूल दिलेल्या प्रौढ मांजरांवर. उंदराचा अख्ख्या पेपरात पत्ता नाही. आम्ही मांजराचा उंदीर केला होता.

उठून पाणी प्यायले. मग हसू आलं, मग ते ओसरलं.

दोन संशोधकांनी २००३ च्या सुमारास एक खोडकर हिशोब मांडला होता. संदर्भ-यादीत पानाचा क्रमांक किंवा खंड चुकीचा छापला गेला, की तीच चूक पुढच्या पेपरांत जशीच्या तशी उतरत जाते, कॉपीतल्या चुकीवरून मास्तर दोन मुलांना पकडतात तशी. त्या चुकांच्या वंशावळीवरून त्यांनी अंदाज काढला, की उद्धृत करणाऱ्यांपैकी मूळ लेख वाचणारे साधारण वीस टक्केच असावेत. मी ही गोष्ट परिसंवादांत रंगवून सांगत असे आणि लोक हसत. कुणीही माझ्याकडे बघून हसत नाही असं मी गृहीत धरलेलं.

अर्जाची मुदत शुक्रवारी संध्याकाळी संपली. मेल मी शनिवारी सकाळी लिहिला. मधल्या दिवसांत वेळ मिळाला नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरमरीतपणा अर्थातच गेला होता. तुमच्या वाक्याला आमच्या पेपरचा आधार नाही, किंबहुना तो विरुद्ध आहे, शीर्षकावरून गैरसमज होणं शक्य आहे आणि त्यात दोष आमचाही, अशा चार ओळी. चाळीस मिनिटांत उत्तर आलं. लिहिणारा पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा, त्याचं हे पहिलंच लेखन. माफी तीनदा मागितली होती. त्याने तो सहा संदर्भांचा गट एका आढावा-लेखातून घेतला होता, आणि त्याने त्या लेखातलं मूळ वाक्यही प्रामाणिकपणे मला चिकटवून पाठवलं. आढाव्यात लिहिलं होतं, की ताणाचा या प्रक्रियेवरचा परिणाम अनेकांनी अभ्यासलाय. अभ्यासलाय, एवढंच. चूक नाही त्यात. आम्ही शीर्षकातून 'नाही' काढला, आढावाकाराने निकालच वगळला, आणि पोराने 'अभ्यासलाय'चं 'होतो' केलं. तीन हातांत मिळून 'नाही'चा 'हो' झाला आणि कुणा एकाला जाब विचारावा असं काही उरलं नाही.

मेलच्या शेवटी त्याने विचारलं होतं, दुरुस्त आवृत्ती आजच टाकतो. तुमचा संदर्भ त्या यादीतून काढून टाकू, की उलट निष्कर्ष म्हणून वेगळं वाक्य लिहून त्याला जोडू?

दोन्ही बरोबरच होतं. काढला असता तर अठराचे सतरा होणार होते, अर्ज गेल्यानंतर. मी 'वेगळं वाक्य लिहा, विरुद्ध पुरावाही वाचकासमोर यायला हवा' असं उत्तर पाठवलं. शास्त्राच्या दृष्टीने हेच योग्य, असं मी आजही म्हणेन. पण ते टंकताना बोटं किती भराभर चालली हे मी बघितलं होतं.

नवी आवृत्ती सोमवारी आली. वाक्य नीट आहे, 'नाही' जागेवर आहे, आमचा क्रमांक चौतीसवरून छत्तीसवर गेलाय. गूगल स्कॉलरला यातलं काहीच कळलेलं नाही. त्याच्या लेखी अठरा तेव्हाही होते, आताही आहेत. आमच्या पेपरच्या नियतकालिकाचा दुरुस्तीचा अर्ज मी त्याच दिवशी उघडून ठेवला होता. लेखाचं नाव भरलं, वर्ष भरलं, चुकीचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं. त्याखाली दुरुस्त वाक्यासाठी चौकट आहे, आणि त्याच्याखाली एक प्रश्न, की या चुकीमुळे लेखाच्या निष्कर्षावर परिणाम होतो का? नाही होत. तसं लिहायचं तर सहलेखकांची संमती जोडावी लागते, आणि सर आता मेल फारसे बघत नाहीत. तो टॅब अजून उघडाच आहे. छापील पानावर मांजर अजून उंदीरच आहे.